राखणदाराचं तोंड

मला संग्रहालयांचं वेड आहे आणि बाबांना ते कधीच आवडलं नाही. लहानपणी आमची वर्षाची एकच सहल असायची, अलिबागची. घरातली बाकीची पोरं वाळूत लोळायची आणि मी हट्ट करून सगळ्यांना शंखशिंपल्यांच्या दालनात, नाहीतर जुनी जाळी, वल्ही आणि होड्यांची सुकाणं मांडलेल्या एखाद्या खोलीत ओढत न्यायची. बाबा आत येत नसत. दाराशी सगळ्यांच्या चपलांजवळ बसून राहायचे. "जा तुमी. वापरनारा मानूस नाय आणि वस्तू नुसती उभी, मला नाय बगवत," म्हणायचे. मी त्यांना भित्रे म्हणून चिडवायचे आणि तेही हसायचे.

पुढे मी शिक्षिका झाले, कर्जतला राहायला आले, पण वेड सुटलं नाही. सुट्टी लागली की मुरूड, अलिबाग, श्रीवर्धन. लोक मासे खायला जातात, मी काचेच्या कपाटांत डोकं घालायला जाते. आई गेल्यापासून बाबा खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटेच असतात. गाव डोंगराच्या पायथ्याशी, पुढे भातखाचरं, आणि खाचरं संपतात तिथे शिवेवर एका उंबराखाली राखणदार. म्हणजे होता.

राखणदार म्हणजे कमरेएवढा दगड, शेंदरानं लिंपलेला. भात घरात आलं की त्याला राखण द्यायची, नारळ आणि कोंबडा, आणि तो मान आमच्या घराकडे. राखण देण्याची रीत मात्र वेगळी होती. राखणदाराचं तोंड गावाबाहेर, पाठ गावाकडे. त्याच्यासमोर कुणी जायचं नाही. बाबा मागून जायचे, मागूनच हाक मारायचे, "आमी हाव रं, घरचेच हाव," आणि मग दोन्ही हात त्याच्या खांद्यांवरून पुढे नेऊन अंदाजानं शेंदूर लावायचे. समोर दिसेल तो परका, असं राखणदार धरून चालतो म्हणे. चाळीस वर्षं बाबांनी त्याला असा शेंदूर लावला आणि एकदाही त्याचं तोंड पाहिलं नाही. शिवेपलीकडून येणारी माणसंसुद्धा तिथे रस्ता सोडून खाचराच्या बांधावरून वळसा घालत. मला या सगळ्याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. उंबर जाणार होता. गावानं जरा अलीकडे फरशी लावलेलं छोटं देऊळ बांधलं आणि त्यात संगमरवरी मूर्ती बसवली. नवा देव बसला की जुना नदीत सोडायचा, हीच पद्धत. सोडायचा कुणी, तर बाबांनी. ते चालढकल करू लागले. आधी म्हणाले नदीला पूर आहे, मग म्हणाले नदीला पाणी नाही. मी एकदा चिडले तेव्हा म्हणाले, "बाय, ज्यानं आपल्याला राखला, त्याला बुडवू कसा गं?"

त्याच सुमारास कर्जतच्या रस्त्यावर एका रिसॉर्टवाल्यांनी कोकणातल्या जुन्या वस्तूंचं दालन उघडलं होतं. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांना पोहून झाल्यावर काहीतरी बघायला हवं असतं. मी तिथे पहिल्याच आठवड्यात जाऊन आले होते. राखणदार तिथे द्यावा ही कल्पना माझी. बुडणारही नाही, चार लोक बघतील. गावाला हायसं वाटलं. बाबांनी एकच अट घातली: न्यायचा तो तोंड झाकून. टेंपो आला त्या दिवशी त्यांनी स्वतः मागून हात घालून त्याच्या तोंडावर आपलं धोतर गुंडाळलं, तीन गाठी मारल्या.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. दालन सांभाळणाऱ्या बाईंना मूळ जागेवरचा फोटो हवा होता. म्हणून आदल्या सकाळी, बाबा दूध घालायला गेले असताना, मी शिवेवर गेले आणि समोर उभं राहून फोटो काढला. भीती वाटली नाही. पायाखाली दहिवर होतं, पाठीवर कोवळं ऊन होतं, आणि समोर शेंदराचा एक गोळा, ना डोळे ना ओठ. फोटो छान आला म्हणून मी खूश होते.

दोन महिन्यांनी बाईंचा निरोप आला की मांडणी झाली आहे. मी बाबांना न सांगता सवरता रिक्षात घालून तिथे नेलं. त्यांना बरं वाटेल असं मला मनापासून वाटलं होतं, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकते. दाराशी ते चपलांजवळ बसायला लागले, तर मी हाताला धरून त्यांना आत ओढलं.

शेवटची खोली पूर्ण काळोखी होती. माणूस चालत आलं की आपोआप दिवा लागतो, अशी सोय होती. आम्ही चार पावलं टाकली आणि दिवा लागला. राखणदार हातभर अंतरावर, उंच चौथऱ्यावर, थेट आमच्याकडे तोंड करून उभा होता. दालनवाल्यांनी शेंदूर खरवडून काढला होता. किती पिढ्यांचा तो थर, त्याच्या आत खरंच एक चेहरा निघाला होता. मिशा, मिटलेले जाड ओठ, आणि डोळे. मोठे, बाहेर आलेले, सताड उघडे डोळे.

बाबा मागे सरले नाहीत. त्यांनी आपला उजवा तळवा वर करून पाहिला. "नाक ठावं व्हतं मला," ते हळूच म्हणाले. "डोळं मीच लिंपीत व्हतो व्हय रं इतकी वर्सं?"

मग त्यांची नजर बाजूच्या भिंतीवर गेली. तिथे माझा फोटो मोठा करून लावला होता. ते बराच वेळ बघत राहिले. मीही पाहिलं, आणि तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं. सकाळचं ऊन माझ्या पाठीशी होतं. माझी सावली, फोन धरलेल्या हातासकट, सरळ राखणदाराच्या तोंडावर पडली होती.

परत येताना पळसदरी आली. बाबांनी विचारलं, "फोटू काडलान कुनी?"

"दालनातल्या माणसांनी," मी म्हणाले.

"तू कुठं व्हतीस?"

"मी मागे होते, बाबा. तुमच्यासारखी."

त्यांनी मान हलवली. वडिलांशी इतक्या सहज खोटं बोलता येतं, याचंच मला त्या दिवशी जास्त वाईट वाटलं.

पंधरा दिवसांनी शाळेच्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. ओली पायरी, दुसरं काही नाही. पायऱ्यांवरून रोज कुणी ना कुणी घसरतंच. बाबा बघायला आले, प्लास्टरवर हात ठेवून बसले. फोन धरलेला हात तो हाच, हे त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. चहा न घेताच गेले.

त्यानंतर त्यांचा फोन दिवसा लागेनासा झाला. विचारलं की म्हणत, खोपोलीला गेलो होतो, काम होतं. मी समजून चालले की करमत नसेल, जुन्या मित्रांकडे जात असतील. मग एका दुपारी दालनातल्या बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. "तुमचे वडील रोज येतात हो. सकाळी येतात ते बंद होईपर्यंत. त्या दगडासमोर उभे राहतात, अगदी चिकटून. लोकांना काही दिसत नाही, ते ठीक आहे. पण ते हलतच नाहीत. हालचाल नसली की आमचा दिवा विझतो. काल दोन बायका आत गेल्या, दिवा लागला, आणि हे समोर. किंचाळल्या त्या."

मी अर्धी रजा टाकून गेले. जाताना रिक्षात बोलण्याची तयारी केली होती, डॉक्टरांना दाखवू, कर्जतला राहायला चला, वगैरे. शेवटच्या खोलीच्या दाराशी थांबले. आत काळोख होता, आणि त्यात बाबांचा आवाज, कुजबुजल्यासारखा, न थांबणारा. "आमी हाव रं. घरचेच हाव. माझा आवाज वळखतोस ना? ती माझीच हाय. पोर हाय. तिला कळला नाय."

मी एक पाऊल आत टाकलं आणि दिवा लागला.

बाबांची पाठ माझ्याकडे होती. दोन्ही हात पसरलेले, आणि त्यांच्या डोक्यावरून ते दोन डोळे माझ्याकडे लागलेले. बाबा वळले नाहीत.

"आलीस का बाय?"

"बाबा, मी समोर होते," मी म्हणाले. "फोटो मी काढला."

"ठावं हाय. तुजी सावली मला कळंना व्हय? खाली बस. माझ्या मागं बस."

मी बसले. प्लास्टरचा हात पोटाशी धरला, मान खाली घातली. मी विज्ञान शिकवते, गेली अकरा वर्षं. मी त्यांच्या पायांमागे जितकं लहान होता येईल तितकं लहान होऊन बसले.

"आता हालू नको," बाबा म्हणाले. "दिवा इझू दे."