रिकाम्या खोल्या ऐकणाऱ्या बाई

बाई रिकाम्या खोलीत लगेच शिरत नसत. दारात थांबत, डोळे मिटत आणि आम्हाला दटावत, "कुणी हलू नका. इथे कोण काय लपवून गेलंय ते कळू दे."

बॉनमधल्या एका सल्लागार कार्यालयात मी त्यांच्या हाताखाली होते. स्पर्धक कंपन्यांनी गुपचूप एकत्र बसून किमती ठरवायच्या नाहीत, असा कायदा. तो मोठमोठ्या कंपन्यांना समजावून सांगणं हे आमचं काम. सरकारी छापा कधीही पडू शकतो, म्हणून बाई आधीच त्याची रंगीत तालीम घेत. सकाळी आठला, न कळवता. जर्मन साहेब त्यांना 'फ्राऊ डॉक्टर' म्हणत आणि मनातून टरकून असत.

मी कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हणाले, "हे म्हणजे चोराला पोलिसांच्या वेळा कळवणं झालं."

"मग तू इथे कशाला आलीस?"

"चोर बघायला."

"बघशील," बाई म्हणाल्या. "अगदी आपल्यासारखे दिसतात."

डार्मश्टाटजवळच्या एका कारखान्यात आम्ही तालमीला गेलो. तिथे इमारती उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेचे व्हॉल्व्ह बनत. विक्रीप्रमुख रजेवर होता. बाई त्याच्या खुर्चीत बसल्या, दोन्ही तळवे टेबलावर टेकवले. कितीतरी वेळ त्या श्वास घेतायत की नाही तेच कळेना.

"कागद इथे नाहीत. बायकोपासून लपवलेत, म्हणून घरीही नाहीत. त्याची कंपनीची गाडी खाली असेल, ती उघडा."

डिकीत, बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्यांखाली, एक वही निघाली. मी विचारलं, "कसं कळलं तुम्हाला?"

"टेबलावर बायकोचा फोटो होता ना, पालथा घातलेला."

मी परत वर जाऊन पाहिलं. टेबलावर एकही फोटो नव्हता.

वहीत सगळं होतं. कुठल्या शाळेचं काम कुणी घ्यायचं, कुठल्या इस्पितळाला कुणी मुद्दाम चढा भाव सांगायचा, विमानतळाजवळच्या हॉटेलात कोण कोण जमलं. माझं रक्त उकळत होतं. नावांवरून फिरणारं बाईंचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे आमचे भाऊजी," त्या म्हणाल्या.

श्रीकांत म्हणजे त्यांचा धाकटा दीर. दुसऱ्या एका व्हॉल्व्ह कंपनीत विक्री सांभाळायचा.

जी कंपनी सर्वांत आधी कबुली देते, तिचा दंड माफ होतो. आम्ही तालीम घेतलेल्या कंपनीने तेच ठरवलं. बाकीच्यांवर छापे पडेपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढायचं नव्हतं. बाईंनी नातं लपवलं नाही. त्याच दिवशी आमच्या कार्यालयाच्या मुख्य साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आल्झो, तर मग तुम्ही या कामातून बाजूला व्हा. पण तोंड बंद. घरच्या जेवणातसुद्धा."

बाई मला रविवारी जेवायला बोलवत. त्या रविवारी श्रीकांत, त्याची बायको जयू आणि मुलगीही आली होती. या घरात एक खेळ ठरलेला होता. श्रीकांत खिशात काहीतरी लपवून आणायचा आणि बाईंनी ते न बघता ओळखायचं. त्या कधीच चुकत नसत.

"बोला वहिनी, आज काय आहे?"

बाईंनी त्याच्या खिशाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काही नाही," त्या म्हणाल्या.

"हरलात! अगं जयू, आज वहिनी चक्क हरल्या!" त्याने खिशातून एक पेन काढून नाचवलं. त्यावर विमानतळाजवळच्या त्याच हॉटेलचं नाव होतं. मुलगी "पापा, नोखमाल! पुन्हा एकदा!" म्हणत टाळ्या पिटत होती. बाईंनी त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

निघताना बूट घालता घालता श्रीकांतने वर पाहिलं. "वहिनी, काही सांगायचंय का तुम्हाला?"

"सावकाश जा. रस्ता ओला आहे."

पंधरा दिवसांनी, सकाळी नवाच्या सुमारास, बाईंचा मोबाइल वाजला. मी समोरच बसले होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"वहिनी, इथे छापा पडलाय. माझ्या खोलीला सील लावून मला बाहेर उभं केलंय. वकिलाला फोन करू देतात, म्हणून तुम्हाला करतोय."

"मी तुमचा वकील होऊ शकत नाही, भाऊजी. दुसरा बघा."

"अहो, आत फोन वाजतोय हो. सारखा वाजतोय. एक मिनिट उघडू का?"

"सीलवर काय लिहिलंय ते वाचा."

त्याने अडखळत ते जर्मन वाक्य वाचलं. सील तोडणं हा गुन्हा आहे. बंद दाराआडची ती घंटा आम्हालाही ऐकू येत होती. बाईंनी मोबाइलवर तळहात ठेवला आणि मला हलकेच म्हणाल्या, "जयू आहे. तिच्याही दारात माणसं उभी आहेत."

ते त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. संध्याकाळी कळलं, ते अगदी खरं होतं.

त्यांनी हात काढला तेव्हा पलीकडची घंटा थांबली होती.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या रविवारी पण?"

"त्या रविवारी पण."

मग फोन बंद झाला. मला राहवलं नाही. "बाई, तुम्ही योग्यच केलंत. यांच्या संगनमताचा भुर्दंड शाळांनी भरला, आजारी माणसांनी भरला."

"ते मला शिकवू नकोस," त्या म्हणाल्या. "सगळं माहीत असून मी त्यांना पोटभर जेवू घातलं. ते कुठल्या कलमात बसतं, तेवढं शोधून दे."

मी आजही शोधते आहे. संगनमत करणाऱ्यांवर मी अजून तितक्याच रागाने लिहिते. फक्त लिहिताना आता त्यांची घरं दिसतात.

श्रीकांतची नोकरी गेली. वर्षाच्या आत ते तिघं कायमचे पुण्याला निघाले. फ्रँकफर्टच्या विमानतळावर बाई आणि त्यांचे यजमान पोचवायला गेले, मीही सामानाला हात लावायला गेले. प्रवासाला निघताना थोरांच्या पाया पडायची त्यांच्या घरची रीत. श्रीकांतने भावाच्या पायांवर डोकं टेकवलं. मग तो बाईंसमोर वाकला. त्याची बोटं त्यांच्या पावलांपासून वीतभर अलीकडे फरशीला लागली आणि तो उठला.

आशीर्वादासाठी पुढे केलेला बाईंचा हात तसाच राहिला. तिघं आत दिसेनासे झाले तरी तो खाली आला नाही. शेवटी मीच धरून खाली घेतला. हात बर्फासारखा गार होता.

"भाऊजी नियमाला धरून वागले," बाई म्हणाल्या.