आंजीचा बँड आणि किसना थूल

भरतीनंतर माझी पोस्टिंग बटालियनच्या बँडमध्ये झाली, तेव्हा मी नाराज होतो. आंजीहून निघालो ते रायफल चालवायला, आणि सुभेदार मेजरसाहेबांनी हातात क्लॅरिनेट दिलं. मी म्हणालो, "साहब, मैं लडने आया हूँ." ते म्हणाले, "लडाई में बँडवाला क्या करता है, मालूम है?" मला माहीत नव्हतं. बऱ्याच सिव्हिलियन लोकांना आजही माहीत नसतं.

लढाई सुरू झाली की बँडची वाद्यं पेटीत बंद होतात. बँडवाले स्ट्रेचर बेअरर होतात. जखमींना पुढच्या ठाण्यावरून मागे, रेजिमेंटल एड पोस्टपर्यंत आणणं हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी पश्चिम सीमेवर तेच काम केलं. एका स्ट्रेचरला चार माणसं. आमच्यातले दोन परत आले नाहीत. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतरचं, पेन्शनवर गावी आल्यानंतरचं.

शहात्तरच्या अखेरीस मी हवालदार म्हणून रिटायर होऊन आंजीला आलो. पाच एकर शेती होती, भाऊ ती नीट करत होता. सकाळी साडेचारला जाग यायची आणि करायला काही नसायचं. दोन महिने मी नुसता बसून काढले. मग सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं. मुलांनी डबा वाजवून संचलन केलं. त्याच दिवशी मी हेडमास्तरांना भेटलो आणि सांगितलं, गावाचा बँड काढतो, शाळेचं मैदान सकाळी एक तास द्या.

वाद्यं नागपूरच्या एका मोडलेल्या लग्नबँडची मिळाली. जुनी होती. कॉर्नेटच्या नळीला भोक होतं, ते सोनाराने डाग देऊन बुजवलं. क्लॅरिनेटचे पॅड मी चपलेच्या मऊ चामड्यातून कापून बसवले. बास ड्रमचं एक कातडं फाटलेलं होतं, ते नवं मढवून घेतलं. माणसं गोळा करायला जास्त वेळ लागला. पहिल्या दिवशी तीस जण आले, महिन्याने नऊ राहिले. वर्षभरात सोळा झाले, आणि पुढे एकदाच काय ते सोळाच्या खाली गेले. शेतकरी, शिंपी, एक पोस्टमन, दोन शिक्षक, जिनिंगमधले हमाल.

नियम तीन होते. ते मी पुठ्ठ्यावर लिहून शाळेच्या व्हरांड्यात टांगले. एक, वाजवण्याबद्दल कोणी काही घ्यायचं नाही, लग्नात वाजवायचं नाही. दोन, फॉल इन साडेपाचला. पाच एकतीसला आलेल्याने त्या दिवशी वाद्याला हात लावायचा नाही, नुसतं उभं राहायचं. तीन, वर्दीत असताना हुकूम एकाचाच चालेल.

तिसऱ्या नियमावर लोक हसत. आमची वर्दी म्हणजे ज्याची त्याची खाकी पँट, पांढरा शर्ट आणि खांद्याला लाल दोरी. पण त्या दोरीने फरक पडे. दोरी लावली की शिंपी शिंपी राहत नसे.

नोटेशन कोणाला येत नव्हतं. मी सारेगमवर शिकवलं. आधी पंधरा दिवस नुसती पावलं, मग तोंडाने ठेका, मग वाद्य. सहा महिन्यांनी आम्ही दोन मार्च वाजवू लागलो. रविवारी वाद्यं बंद आणि स्ट्रेचरची कवायत. बांबूला पोती शिवून मी दोन स्ट्रेचर बनवले होते. जखमीला उचलणं, बांधणं, दोराच्या गाठी, तोंडाने श्वास देणं, सगळं शिकवलं. गावात थट्टा झाली. "बाजेवाल्याइले मुर्दे उचलाचं काऊन शिकवून राह्यले, हवालदारसाहेब?" मी म्हणे, बँडचं हे अर्धं काम आहे. मला दुसरा बँड माहीत नव्हता.

किसना थूल जिनिंगमधला हमाल. तिशीचा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा. बौद्धपुऱ्यात राहायचा. बायको शेवंता, दोन मुली. कापसाची बोंदरी, म्हणजे भरलेली मोठी पोती, एकटा पाठीवर घेणारा माणूस, म्हणून मी त्याला बास ड्रम दिला. त्याला वाटे, हे सोपं काम आहे. मी सांगितलं, "सगळा बँड तुझ्या ठोक्यावर पाय टाकतो. तू चुकलास तर सोळा जण चुकतात." त्यानंतर तो कामावर चालत जातानाही तोंडातल्या तोंडात एक-दोन मोजत जाई.

सुधाकर साइड ड्रमवर होता. बावीस वर्षांचा, हात हलका, बँडमधला सगळ्यांत चांगला वाजवणारा. त्याचे वडील नारायणराव गावातले मोठे शेतकरी. एका वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजवायचं बँडने ठरवलं. बौद्धपुऱ्यातले पाच जण बँडमध्ये होते आणि पंधरा ऑगस्टला सगळ्यांबरोबर वाजवत होते, तेव्हा चर्चेचा प्रश्नच नव्हता. नारायणराव माझ्याकडे आले. वयाने मोठे, मी त्यांना भाऊ म्हणत असे.

"आमचा पोरगा त्या मिरवणुकीत वाजवनार नाई."

"भाऊ, बँड सगळा वाजतो, नाहीतर वाजत नाही."

"मंग त्याले काढून टाक."

सुधाकरने दुसऱ्या दिवशी लाल दोरी आणून दिली. माझ्याकडे बघितलं नाही. किसना त्याच्याकडे बघत उभा होता. म्हणाला, "बाचं मन वळलं का येजो." सुधाकर आला नाही. आणखी दोघे त्याच्यामागे गेले. त्या वर्षी आम्ही तेरा जण मिरवणुकीत वाजवलं. रिकाम्या जागा पुढे नव्या माणसांनी भरल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात, ती सकाळ आली.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही मैदानात वळण घेत होतो. नारायणरावांचा सालदार सायकलवर ओरडत आला. "विहिरीत मानसं पडले!"

मी बँड थांबवला. "वाद्यं खाली. दोन्ही स्ट्रेचर, दोर, कंदील. डबल मार्च."

विहीर अर्ध्या मैलावर होती. सहा वीसला पोचलो. काठावर दहा-बारा माणसं आणि नारायणराव. विहीर चाळीस फूट खोल. पाणी तळाला गेलं होतं, म्हणून डिझेल इंजिन साखळीने खाली उतरवून आतल्या ओट्यावर ठेवलं होतं. दौलत आणि गुलाब हे दोघे सख्खे भाऊ, शेजारच्या गावचे मजूर, पहाटेपासून गाळ काढत होते. इंजिन चालू होतं. त्यांचा आवाज येईना म्हणून सुधाकर उतरला.

नारायणराव म्हणाले, "इंजिन त्यानं बंद केलं. मंग बसला तो बसलाच. तोबी नाई बोलून राह्यला."

इंजिन बंद होतं. वरून तिघेही दिसत होते. दोघे गाळात आडवे, सुधाकर ओट्याच्या कडेला. एक जण उतरायला पायरीवर गेला होता, त्याला मी ओढून मागे घेतलं. "कोणी उतरायचं नाही."

खराब हवा असेल हे मला कळत होतं. हवा तपासायची एकच रीत मला माहीत होती. कंदील पेटवून दोराने खाली सोडला. तळापर्यंत. घड्याळ बघितलं. एक मिनिट. दोन मिनिटं. ज्योत हललीसुद्धा नाही. कंदील वर घेतला, तेव्हाही तो जळत होता.

मी समजलो, हवा ठीक आहे.

एका वेळी एकच माणूस उतरवायचा होता आणि त्याला खालचा माणूस एकट्याने उचलता यायला हवा होता. कोणी पुढे येण्याची मी वाट पाहिली नाही. मी नाव घेतलं. "किसना, तू."

"जी."

त्याच्या कमरेला मी स्वतः दोर बांधला. दुसरा दोर खालच्या माणसांना बांधण्यासाठी. खूण ठरलेली होती. एक झटका म्हणजे थांबा, दोन झटके म्हणजे ओढा. सहा सत्तावीसला तो उतरला.

गुलाब सहा एकतीसला वर आला. श्वास होता. पोस्टमनने त्याला आडवं घेतलं आणि शिकवल्याप्रमाणे काम सुरू केलं. दोर पुन्हा खाली. सहा पस्तीसला दौलत. त्याचा श्वास नव्हता.

खालून किसनाचा आवाज आला. "साहेब, डोकं जड होऊन राह्यलं."

"वर ये."

"सुधाकर हाये न अजून. हात हालला त्याचा."

"किसना, वर ये. हुकूम आहे."

 मग, "येतो."

दौलतच्या छातीवरची गाठ ओली होऊन आवळली होती. शिंपी ती दातांनी सोडवत होता. दुसरा दोर त्यामुळे अजून वरच होता. तेवढ्यात किसनाच्या दोराला दोन झटके बसले. मी ओरडलो, "ओढा!" आठ जणांनी ओढलं. मी मनात म्हणालो, आला.

दोराच्या टोकाला सुधाकर होता.

किसनाने कमरेचा दोर सोडून त्याला बांधला होता. गाठ बरोबर होती. मी शिकवलेलीच. मी खाली वाकलो. किसना ओट्यावर पाठ टेकून बसला होता, हनुवटी छातीवर. दोन हाका मारल्या. त्याने मान उचलली नाही.

नारायणराव मुलाच्या शेजारी मातीत बसले होते. त्यांना काही दिसत नव्हतं.

मी एक दोर कमरेला बांधला, दुसरा किसनासाठी हातात घेतला. सांगितलं, "दोन झटके आले की दोन्ही दोर एकदम ओढा. मी बोललो नाही तरी ओढा." छाती भरून उतरलो. श्वास ओट्यापर्यंत पुरला. किसनाला बांधताना संपला, दोन-तीन वेळा आतली हवा घ्यावी लागली. तिला धुराचा थोडा वास होता, एवढंच. गाठ मारली, झटके दिले. पुढचं मला वर आल्यावरच आठवतं. मी ओकत होतो आणि पोस्टमन किसनाच्या तोंडात श्वास भरत होता. सहा एकोणपन्नास.

किसनाचा चेहरा लालसर होता. उन्हात काम करून आलेल्या माणसासारखा. मला वाटलं, हा जिवंत आहे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चौघांना घेतलं. आंजी ते वर्धा, सगळ्या रस्त्यात आम्ही पाळीपाळीने त्याला श्वास दिला. पावणेआठला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी दौलत आणि किसनाला तपासलं आणि बाजूला केलं. गुलाब आणि सुधाकरला ऑक्सिजन लावला. ते दोघे वाचले.

दुपारी डॉक्टरांनी मला बसवून विचारलं, काय काय केलं. मी वेळेसकट सांगितलं. कंदिलाचं ऐकून ते म्हणाले, "इंजिनाच्या धुरातला हा वायू कंदील विझवत नाही, हवालदार. कंदील जळत राहतो, माणूस मरतो. चेहरा लाल होतो तो त्यानेच."

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं, सर."

"बहुतेकांना नसतं," ते म्हणाले.

बाहेर येऊन मी ते बँडला सांगितलं. फॉल इन करून सांगितलं, म्हणजे सगळ्यांनी एकदम ऐकावं. 

मग शेवंताकडे गेलो. गाव तिच्या दारात होतं. तिला आत नेऊन मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. कंदिलाचं, डॉक्टरांचं. तिने शेवटी एकच विचारलं.

"त्यायनं स्वतःहून म्हटलं होतं का, मी जातो म्हनून?"

खोटं बोलता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

"नाही. मी नाव घेतलं."

 ती उठली, कळशीतून पेलाभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं आणि मुलींजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँड वर्दीत हजर होता. मी शेवंताला विचारलं, वाजवायचं का. ती म्हणाली, "नोका वाजवू." आम्ही नाही वाजवलं. बास ड्रमचा ठोका नव्हता, तरी सगळ्यांचे पाय एकत्र पडत होते. नारायणराव अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे होते. त्रिशरण म्हणताना त्यांनी टोपी काढली. माझ्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढेही फारसे नाहीत. सुधाकर महिन्याने घरी आला. त्याला ती सकाळ आठवत नव्हती. त्याचे हात थरथरत, भाकरी मोडतानाही. एकदा तो मैदानावर आला, काड्या मागितल्या, दोन ठोके दिले आणि काड्या परत केल्या.

बँड मी आणखी पाच वर्षं चालवला. रविवारच्या कवायतीत एक धडा वाढवला. चालत्या इंजिनाच्या विहिरीत काय करायचं आणि काय करायचं नाही. आजूबाजूच्या गावांत जाऊनही तो सांगितला. लोक मार्च ऐकायला जमत, आणि वाजवण्याआधी मी त्यांना तो ऐकायला लावत असे. कोणी उठून गेलं तर मला चालत नसे.

शाळा-कॉलेजात मला लढाईबद्दल बोलायला बोलावतात. एकाहत्तरला आमच्या बँडचे जे दोन स्ट्रेचर बेअरर गेले, त्यांची नावं रेजिमेंटल सेंटरच्या दगडावर आहेत. त्यांना दरवर्षी सलामी मिळते. त्यांची काळजी मी करत नाही.

दौलत, मजूर, पस्तिशीचा. किसना थूल, आंजीचा, बास ड्रम. हे दोघे माझ्यासमोर गेले, आणि दुसरा माझ्या हुकुमाने गेला. वर येण्याचा हुकूमही मीच दिला होता. बँडमध्ये सात वर्षांत त्याने माझा तेवढा एकच हुकूम मोडला.