नसीम आपांची इंग्रजीची शिकवणी

मंडळी, आज दुपारी जालन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्तो. शेजारी एक वयस्कर बाई नातीसोबत बसल्या होत्या. मराठी पेपरवर बोट फिरवत हळूहळू वाचत होत्या. चेहरा पाहिला अन् मी उठून उभाच राहिलो. नसीम आपा!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सहावीत मी इंग्रजीत नापास झाल्तो, म्हणून वडिलांनी आमच्या गावात, आष्टीतच, आपांकडं शिकवणी लावली. त्या उर्दू शाळेत मॅट्रिक झालेल्या. मराठी बोलायच्या, पण वाचता यायचं न्हाई. पहिल्याच दिवशी आम्हा पाच पोरांना म्हणाल्या, "मी तुमाला इंग्रजी शिकवते, तुमी मला मराठी शिकवा. बराबर?"

मंग त्या आमचं स्पेलिंग तपासायच्या अन् आम्ही त्यांची बाराखडी. त्यांचा 'ळ' कायम उलटा यायचा. आम्ही हसायचो, त्याही पोट धरून हसायच्या. त्यांना चुकताना पाहून माझी चुकायची भीतीच गेली. त्या वर्षी मी इंग्रजीत पास झालो.

आज मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं अन् नातीला म्हणाल्या, "सलाम कर बेटा. हे माझे मराठीचे मास्तर."

मी खाली वाकलो अन् पाया पडलो.

तुमच्याकडून कधी एखाद्या शिक्षकानं काही शिकून घेतलं का हो?