थांबेबाई

पहिलीच्या वर्गावर तीस वर्षं काढलेल्या बाईंना पोरं पाठीमागे ‘थांबेबाई’ म्हणायची. बुटाची नाडी असो की डब्याचं घट्ट झाकण, बाई मदतीला म्हणून जायच्या नाहीत. “तुझं तुला जमेल. मी थांबते,” म्हणायच्या आणि शिवशिवणारे हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसायच्या. घंटा होवो, मुख्याध्यापक डोळे वटारोत, बाई ढिम्म!

आता निवृत्तीनंतर परदेशातल्या लेकीच्या फोनची वाट बघण्यात आठवडा सरतो. आज फोनवर मागून नातू ओरडत होता, “आई, नाडी!”

“बांधू नकोस हं त्याची,” बाई म्हणाल्या.

“नाहीच बांधत. थांबलेय.”

बाईंना कोण आनंद! “माझ्याकडूनच शिकलीस.”

लेक हसली. “तुझ्याकडून? अगं, माझी नाडी तूच खसकन आवळायचीस. तुला शाळेला उशीर व्हायचा ना!”

बाईंना त्या सकाळी आठवल्या. चाळीस पोरांसाठी थांबायचं, म्हणून घरातल्या एकुलत्या एकीला रोज घाई.

“जमली बघ त्याला! निघतो आम्ही, ठेवते.”

“थांब ना गं जरा...”

फोन बंद झाला होता. पुन्हा लावायला हात शिवशिवले. बाईंनी ते मांडीखाली दाबले.