दाबून सपाट होत नाही

आनंदराज सरांनी उभी हयात लातूरच्या कॉलेजात भूमिती शिकवली. वक्रतेचा धडा आला की सर वर्गात पापड घेऊन जायचे. ओलसर कच्चा पापड गुंडाळून उघडायचे. "बघा, परत सपाट! हा नुसता वाकला, आतून वाकडा झाला न्हाई." मग भाजलेला पापड काढायचे. काठ जास्त पसरला, मधला भाग तेवढाच राहिला, म्हणून काठाला लाटा आलेल्या. "ह्याच्यावर चालणाऱ्या मुंगीला बाहेरून बघावं लागत न्हाई. आतल्या आत मोजलं तरी तिला कळतं, जागाच वाकडी हाय. आता ह्याला दाबून सपाट करा." कुणीतरी दाबायचं, पापड फुटायचा, तुकडे वर्गात वाटले जायचे. पोरांना वक्रता कळो न कळो, पापड बरोबर कळायचा.

"पोरं शिकून राहिलीत का खाऊन राहिलीत?" विशाखाताई नवऱ्याला टोमणा मारायच्या आणि पुढच्या उन्हाळ्यात चार पापड जास्तच लाटायच्या.

ताई गेल्यावर सर खचले असं कुणी म्हणणार नाही. इस्त्रीचा शर्ट, सकाळचं फिरणं, विहारातली बैठक, सगळं जागच्या जागी. बघणाऱ्याला माणूस सरळ दिसे. घरात शिरल्यावर मात्र एकटेपण अंगावर येई, आणि ते सांगायला घरात कुणीच नसे.

डब्यात ताईंच्या हातचा एकच पापड उरला होता. बुद्धपौर्णिमेला लुंबिनी पुण्याहून येईल तेव्हा बापलेकीनं अर्धा-अर्धा खायचा, असं सरांनी मनाशी ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, रजा नाही मिळाली. तुम्ही ठीक आहात ना?"

"हाव. एकदम ठीक हाय." नेहमीचंच उत्तर.

फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, आणि तिचं बोलणं ऐकत सरांनी तो पापड गॅसवर धरला. आता कुणासाठी ठेवायचा? ताई भाजता भाजताच फडक्यानं दाबत राहायच्या, म्हणून त्यांचा पापड सपाट निघे. सरांना ते कुठलं जमायला! काठालाच आच लागली, लाटा उठल्या. तसा वेडावाकडा पापड त्यांना बघवेना. जन्मभर जे होत नाही म्हणून शिकवलं, तेच सर करून बसले. पापड ताटात ठेवला आणि तळहातानं दाबला.

"बाबा? काय फुटलं?"

"तुझ्या आईचा शेवटचा पापड."

सरांचा हात अजून तुकड्यांवरच होता.

"लुंबिनी, मी ठीक न्हाई गं," ते म्हणाले. "लई दाबून बघितलं."