माडाच्या वाट्याच्या तारल्या

२०२३ साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा. माझी शाळा चौथीत संपली आणि शहाणपण त्यानंतर सुरू झालं, असं मी मानतो. घरात दुसरं कोणी मानत नाही.

त्या साली आमवातानं बोटं अशी सुजली की शर्टाची बटणं लागेनात. बायको लावायची. लावताना ओठ दाबून हसायची. आयुष्यभर माडांची बाग राखलेला माणूस मी, आणि रोज सकाळी शाळेत निघालेल्या पोरासारखा मान वर करून उभा!

बटणं आपली आपण लावता यावीत, एवढ्यासाठीच रत्नागिरीला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. बोटं दाबून म्हणाली, "आजोबा, गोळ्या सोडायच्या नाहीत. शिवाय आहारात ओमेगा-थ्री फॅटी ॲसिड वाढवा. सूज उतरायला थोडी मदत होते."

बायको लगेच, "अहो बाई, यांना आधीच ॲसिडिटी. त्यात आणि ॲसिड?"

मी म्हटलं, "फॅटी म्हणजे चरबीच ना? हार्टवाल्या डॉक्टरनं बंद केली, तुम्ही चालू करताय. दोघं बसून एकदा काय ते ठरवा."

ती हसली. "ही चरबी वेगळी, माशातली. महाग मासा नको. तारल्या खा."

तारल्या! आमच्याकडे तारल्या माडाच्या मुळात पुरतात, खत म्हणून. सुरमई माणसाला, तारली माडाला, हा माझ्या वडिलांचा कायदा. शेजाऱ्याच्या घरातून तारलीचा वास आला की मी नाक मुरडायचो, तेसुद्धा त्याला दिसेल असं.

पण बटणं लावायची होती. बायकोला एसटी स्टँडवर बसवून मासळीबाजारात गेलो, तर तोच शेजारी पिशवी घेऊन उभा. मी मासेवालीला मोठ्यानं म्हटलं, "तारल्या दे गो. माडाला हव्यात."

"माडाला? मग ताज्या कशाला?" तिनं मागची टोपली ओढली. "ह्या कालच्या घ्या, बाबा. माड काय कालवण करतो?"

शेजारी म्हणाला, "बरोबर आहे. माडाला दात कुठे असतात?"

तेव्हाच खरं सांगायचं, पण जीभ वळेना. कुजक्या तारल्या घेतल्या. एसटीत आमच्या आजूबाजूची माणसं उठून मागे गेली. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "ॲसिड म्हणतात ते हेच काय?"

घरी येऊन त्या माडालाच घातल्या. त्या दिवशी माड जेवला, मी पेज प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोकडून बटणं लावून घेतली, पहिल्या एसटीनं पुन्हा बाजारात गेलो आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत त्याच मासेवालीला म्हटलं, "आज ताज्या दे गो. मला खायच्यात."