खेकड्याचा अभिप्राय

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. त्यामुळे भाईंदरच्या पालिका कचेरीत माझ्या सहीला वजन होतं. खाडीकाठचा बंद पडलेला रंगाचा कारखाना पाडून तिथे बाग केली, तेव्हा 'माती निर्धोक आहे, मुलांना खेळू द्यावे' या दाखल्यावर सही करायचं काम माझ्याकडेच आलं.

बागेत रोज सकाळी एक म्हातारा कोळी दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कमरेला रुमाल, हातात टोपली. टोपलीतला एक खेकडा काढून तो हिरवळीवर सोडायचा आणि उकिडवा बसून बघत राहायचा. खेकडा तिरका तिरका धावत खाडी गाठायचा.

"हे काय चाललंय, बाबा?"

"माती बरी असंल तं तो बीळ करंल. आज बी न्हाय केलं."

"अहो, वरून नवी माती टाकलीय."

"खाली जुनीच हाय ना? शिकलेला हायस, खनून बघ."

मी काठीने उकरलं. वीतभर खाली माती जांभळी होती. अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणूनच बापाने मला शिकवलं होतं, पण 'निर्धोक'खाली ती करवेना. दाखल्यावर लिहिलं, 'खेकडा येथे राहण्यास तयार नाही.'

साहेबांचा शेरा आला, 'संबंधित खेकड्यास समक्ष हजर करावे.'

मी निरोप दिला, तसा दुसऱ्या दिवशी म्हातारा धुतलेला सदरा घालून कचेरीत आला. त्याने साहेबांच्या टेबलावर खेकडा सोडला. खेकडा फायलींच्या ढिगाखाली शिरला आणि निवांत बसला.

म्हातारा हात जोडून साहेबांना म्हणाला, "हितं बरं वाटतंय त्याला. पोरांना हितंच खेळाया पाठवतो."